कोरलमधी ३०० आयकार्ड काही केल्या ओळीत बसंनात

फ्लेक्सवाला_परभणी:
नमस्कार मंडळी. शाळेचे ३०० आयकार्ड आलेत, उभे, ५४ बाय ८६ मिमी, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधी १२ बाय १८ इंची शीटवर बसवायचेत. प्रत्येक कार्डाचा ग्रुप केलाय, ग्रिड चालू, स्नॅप बी चालू, तरी कार्ड आपोआप काही बसंना, एकेक हातानं सरकवत बसायलो, तेवढ्यात लाईट गेली अन् तासाभराचं काम पाण्यात. मग सगळे सिलेक्ट करून एल (डावीकडून अलाइन) दाबलं, टी (वरून अलाइन) दाबलं, तर पत्त्याच्या कॅटावानी एकावर एक जाऊन बसले. डिस्ट्रिब्यूट (सारख्या अंतरावर मांडणं) केलं तर एका कोपऱ्याला गॅप जास्त, दुसरीकडं कमी. काहून होत असंल असं?

लातुरी_डीटीपी:
भाऊ, स्नॅप फक्त ओढताना चिकटवतंय, आधीच पडलेल्याला ते हात लावत नाही. अन् गॅपचं म्हणशील तर एकेक कार्डावर क्लिक करून वरच्या पट्टीत साईज बघ, एखाद्या पोराचं नाव काठाच्या बाहेर २ मिमी गेलं की कोरल तो ग्रुप ५६ चा धरतंय. आधी ती नावं आखडून घे.
मग कार्ड सरकवायच्या नादीच लागू नको, खोके आधी कर. ५४ बाय ८६ चा एक चौकोन काढ, राईट क्लिक करून त्याला रिकामी पॉवरक्लिप फ्रेम (आत दुसरी वस्तू बसवायचा खोका) कर, कंट्रोल शिफ्ट डी दाबून आडव्या ४ कॉप्या, मधी २ मिमी गॅप. ती अख्खी ओळ धरून खाली अजून ४. झाले २५, तुझं काम १२ शीटमधी निघतंय. (कार्ड आडवे असते तर २४ च बसले असते, तेबी काठाला घासून.) आता एकेक कार्ड ओढून फ्रेमवर सोड, मधोमध जाऊन बसतंय. अन् दर १० मिनिटाला कंट्रोल एस, लाईटीचा काय भरोसा.

शिरोरेखा:
दादा, कार्डावरची नावं बी बघून घ्या. खालून अलाइन केली की उकारवालं नाव वर चढतं, वरून केली की वेलांटी-रफारवालं खाली उतरतं, म्हणजे सुनील एकीकडं अन् रमा एकीकडं. अलाइनच्याच पॅनलमधी टेक्स्टसाठी पहिल्या ओळीची बेसलाइन (अक्षरं जिच्यावर टेकतात ती रेघ) घ्या, साईज सारखा असंल तर शिरोरेखा एका लाईनीत येते. आमच्याकडं यावरून एक अख्खा लॉट परत आला होता, तवापासून मी आधी हेच बघते.

औंढेकर:
मॅक्रो (कोरलकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिला तर दोन मिनिटाचं काम आहे, पण मी केला तवा कार्ड उलट्या क्रमानं बसले, रोल नंबर ६० पासून सुरू. मास्तर लई बोलले.

फ्लेक्सवाला_परभणी:
ओ लातूरकर, खरंच की! ८ कार्डं ५६-५७ चे निघाले, सगळे आडनावं लांबलचक. ४ शीट झाले पण. आता मागच्या बाजूला पत्ता अन् ब्लड ग्रुप हाय, तेच खोके वापरू का?

लातुरी_डीटीपी:
खोके तेच, पण शीट पलटलं की डावं-उजवं बदलतंय, म्हणून प्रत्येक ओळ उजवीकडून भर, नाहीतर सुनीलच्या मागं दुसऱ्याच पोराचा ब्लड ग्रुप जायचा. एक शीट काढून उजेडाला धरून बघ, मगच बाकीचे मार.