मदत हवी आहे: पुढची काच नसलेल्या स्पीडस्टरचं क्ले मॉडेल, वारा ड्रायव्हरच्या डोक्यावरून न्यायचा कसा?

नमस्कार मंडळी, ऑटोमोबाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालू आहे आणि एका ठिकाणी गाडं पार अडलंय. इथे एरोडायनॅमिक्सवाले पण आहेत आणि क्लेमध्ये हात घातलेले पण आहेत, म्हणून धागा काढतेय. जरा लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

विषय मीच निवडलाय: १९५० च्या दशकातल्या रेसिंग गाड्यांच्या वळणाची, मोजक्याच संख्येत निघेल अशी आजची स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे, लांब बॉनेट, दोन सीट, छप्पर नाही आणि पुढची काचही नाही. मॉडेल १:४ स्केलचं आहे, आत फोमचा सांगाडा आणि वर ओव्हनमध्ये गरम करून लावलेली इंडस्ट्रियल क्ले. बाजूची मुख्य रेघ काळ्या टेपने ओढून झालीये, पुढच्या चाकावरून निघून दारापाशी जरा खाली जाते आणि मागच्या चाकावर परत चढते, ती मला मनापासून आवडलीये त्यामुळे तिला धक्का लावायचा नाहीये.

आता मुद्दा. जुन्या गाड्यांत वारा तोंडावर यायचा तो यायचाच, चालवणारे गॉगल लावून सोसायचे. १९५५ च्या मिले मिलियात (इटलीतली रस्त्यावरची लांब शर्यत) ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस आणि त्याला वाट सांगणारा डेनिस जेनकिन्सन मर्सिडीज ३०० एसएलआर घेऊन साधारण १६०० किमी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदात गेले, म्हणजे उघड्या गाडीत सरासरी ताशी १५७ किमी! आवाजामुळे बोलणं शक्यच नव्हतं, जेनकिन्सन रोलरवर गुंडाळलेल्या नोट्स वाचून हाताने खुणा करायचा आणि वाटेत बाहेर वाकला तेव्हा त्याचा चष्माच वाऱ्याने उडाला, दुसरा जवळ होता म्हणून निभावलं. हे वाचल्यापासून मला वाटतंय की या प्रकारच्या गाडीचा खरा प्रश्न वारा हाच आहे, बाकीचं सगळं नंतर.

त्याच गाडीच्या आठवणीत २००९ मध्ये मर्सिडीजने एसएलआर स्टर्लिंग मॉस काढली, फक्त ७५ गाड्या, तिच्यात काचेऐवजी दोघांसमोर वारा वर वळवणारे दोन बुटके डिफ्लेक्टर आहेत. फेरारीच्या मोन्झा एसपी१ आणि एसपी२ मध्ये (२०१८, दोन्ही मिळून ४९९, साडेसहा लिटरचं व्ही१२ म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, ८१० पीएस म्हणजे अश्वशक्ती) स्टीअरिंगच्या पुढच्या फेअरिंगखालून (वारा वळवणारं आवरण) वारा घेऊन, त्याचा वेग वाढवून तो सरळ वर सोडलाय, म्हणजे समोरून येणारा वारा त्या झोताने उचलला जातो आणि डोक्यावरून निघून जातो. हलणारा भाग एकही नाही. मॅकलारेन एल्वात (शेवटी १४९ गाड्यांवर थांबवली) नाकातून वारा घेऊन कॉकपिटच्या पुढे बॉनेटमधून बाहेर काढतात, आणि तिथे १५० मिमी उंच उभी राहणारी कार्बनची पट्टी आहे, हळू चालवताना ती खाली बसते.

माझे गाईड म्हणतात एल्वासारखं कर. पण एल्वाचं इंजिन मागे आहे, नाक रिकामं, डक्ट (वाऱ्याचा बंद मार्ग) हवा तसा नेता येतो. माझ्या नाकात रेडिएटर आणि त्याच्या मागे आख्खं व्ही१२ बसलंय, तिथून डक्ट काढायचा तर बॉनेट उचलावं लागेल आणि मग ती रेघ गेलीच.

तर विचारायचंय ते हे. पुढे इंजिन असताना वारा नेमका कुठून घ्यायचा आणि कॉकपिटच्या पुढे वारा वर वळवणारी जी उभी कड असेल, त्या ओठाची उंची किती ठेवायची? शिवाय डोक्यामागे मी दोन उंचवटे दिलेत, १९५० च्या दशकातल्या जॅग्वार डी-टाइप या रेसिंग गाडीची आठवण म्हणून, पण रिव्ह्यूमध्ये "ही नुसती सजावट आहे" असं ऐकावं लागलं आणि ते मला पटलेलं नाही, त्यांचं काही खरं काम असतं का? आणि विंड टनेल मिळणार नाहीये, तर मोठ्या पंख्यासमोर लोकरीचे धागे चिकटवून केलेल्या टेस्टला काही अर्थ आहे का?

प्रतिसाद १

रेघ अजिबात सोडू नकोस, तिच्यासाठीच तर माणूस अशी गाडी घेतो.

एल्वाचा नाद सोड. तुझ्या मांडणीला मोन्झाचाच मार्ग बरोबर आहे, कारण तीही पुढे इंजिनवालीच, ८१२ सुपरफास्टवर बेतलेली. बॉनेट जिथे संपतं आणि डॅशचा उंचवटा सुरू होतो तिथे फट दे, वारा तिथेच अडतो त्यामुळे दाब आयता मिळतो. फट आत शिरताना रुंद आणि बाहेर पडताना अरुंद, म्हणजे वेग वाढेल. इंजिनची गरम हवा त्या फटीत येता कामा नये, नाहीतर ड्रायव्हरच्या तोंडावर भट्टी. ती बॉनेटच्या पुढच्या भागात नाहीतर चाकामागून बाजूला काढ.

उंचीचं आत्ताच ठरवू नको. एल्वाचे १५० मिमी तुझ्या स्केलवर साधारण ३७ मिमी होतात, पण तुझ्याकडे हलणारी पट्टी नाही आणि तेवढं कायम उभं ठेवलंस तर ती गाडी काचवालीच दिसेल. कार्डशीटचे वेगवेगळ्या उंचीचे ओठ कापून लावून बघ.

प्रतिसाद २

उंचवट्यांबद्दल: सजावट म्हणणाऱ्यांना सांग की उघड्या गाडीत निम्मा त्रास मागून येतो. डोक्यावरून गेलेला वारा सीटच्या मागे खाली वळतो आणि उलटा कॉकपिटमध्ये घुसतो, केस पुढे उडतात ते त्यामुळेच. डोक्यामागची पोकळी भरली की हे कमी होतं. वर गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल हूप त्याच्यातच लपवता येतो. डी-टाइपचा ड्रायव्हरमागचा उंच पंख तर फ्रान्समधल्या ल मां शर्यतीच्या लांबलचक सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहावी म्हणून होता, आणि ती गाडी १९५५ ते १९५७ सलग तीनदा तिथे जिंकली. फक्त तुझा उंचवटा हेल्मेटच्या अगदी जवळून सुरू व्हायला हवा, मध्ये अंतर राहिलं तर मात्र तो खरंच सजावट ठरेल.

पंख्याच्या टेस्टला अर्थ आहे पण मर्यादेत. मॉडेल चारपट लहान, म्हणून ताशी १०० किमीचा हिशोब तंतोतंत जुळवायचा तर वारा चारपट वेगाने, ताशी ४०० किमीने सोडावा लागेल, ते होणे नाही. पण धारदार कडेवरून वारा सुटतो तो कडेपाशीच सुटतो, स्केलचा फरक तिथे कमी पडतो, म्हणून ओठाची तुलना करायला ही टेस्ट चालेल. गोलसर बॉनेटवरून वारा कुठे सुटतो हे मात्र यावरून ठरवू नकोस. आणि मॉडेल पंख्याच्या पुढे नको, मागे ठेव, जिथून तो हवा ओढतो. पुढे फेकलेली हवा गरगरत येते, ओढली जाणारी बरीच शांत असते.

धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार, पंख्याच्या मागे ठेवायचं तर डोक्यातच आलं नसतं!

करून पाहिलं. ड्रायव्हरच्या जागी फोमचं डोकं बसवून कपाळावर, कानांपाशी आणि मानेमागे लोकर लावली. बुटक्या ओठाला कपाळावरचे धागे सपाट मागे झोपतात, म्हणजे वारा थेट येतोय. उंची वाढवत नेली की एका ठिकाणी ते एकदम लुळे पडतात, आणि ती उंची ३७ मिमीच्या बरीच खाली आहे, म्हणजे फटीतला झोत आपलं काम करतोय. फट टेपने बंद केली की त्याच ओठाला धागे परत झोपतात, हे मी मुद्दाम व्हिडिओत घेतलंय, रिव्ह्यूला दाखवीन. उंचवटा क्ले लावून हेल्मेटजवळ आणल्यावर मानेमागचे धागेही पुढे यायचे थांबले.

आता एकच राहिलंय. दोन सीटच्या मध्ये काहीच नाहीये, त्यामुळे बाजूच्या रिकाम्या सीटवरून वारा आडवा येतो आणि डावा कान सोडून उजव्या कानाचे धागे फडफडतात. ॲस्टन मार्टिनच्या व्ही१२ स्पीडस्टरमध्ये (८८ गाड्या) मधोमध कणा देऊन कॉकपिट दोन भागात विभागलंय, मोन्झा एसपी१ मध्ये तर दुसरी सीटच नाही, ती जागा झाकलेली आहे. मला दोन सीट हव्याच आहेत. तर कणा डॅशपासून उंचवट्यांपर्यंत अख्खा न्यावा लागेल, की खांद्याच्या उंचीपर्यंतचा पुरे? वरून डाय-नॉकची फिल्म (क्लेला रंगवल्यासारखं दिसावं म्हणून चिकटवतात ती) चढवली की क्ले खरवडता येणार नाही, त्यामुळे हे आधीच ठरवायचंय. कुणी असा कणा केला असेल तर प्लीज सांगा.