मदत हवी आहे: कोंबड्यांचे हाल न करणारा चिकनवाला

नमस्कार मंडळी. आम्ही लालबागला राहतो, घरात मासे-मटण सगळं चालतं आणि ते सोडायचा विचार नाही. पण सकाळी स्कूटरच्या हँडलला दोन्ही बाजूंनी पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या बघवत नाहीत. चोची उघड्या, पंख रस्त्याला घासतायत. दुकानातही एकेका पिंजऱ्यात इतक्या कोंबलेल्या, की खालच्यांना उभं राहता येत नाही, पाण्याचं भांडं कोरडं. खायचं म्हणून मारणं एक, आणि मरेपर्यंत छळणं वेगळं, असं मला मनापासून वाटतं.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा खाण्यासाठी मारायला मनाई करत नाही, पण विनाकारण वेदना होतील अशा वाहतुकीला करतो. मग तक्रार कुठे करायची? पोलीस चौकीत, पालिकेत, की परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात? कुणी केली असेल तर पुढे काय झालं तेही सांगा.

परळ-दादर भागात कोंबड्या नीट ठेवणारा दुकानदार माहीत आहे का? थोडे जास्त पैसे द्यायची तयारी आहे. आमच्या दुकानदाराशी वर्षानुवर्षांचे संबंध आहेत, त्याच्या पोटावर पाय न देता हे कसं बोलावं?

'मग शाकाहारी व्हा' हा सल्ला कृपया नको.