ब्रेक नसलेली प्रतिकारशक्ती

बरेच जण म्हणतात की प्रतिकारशक्ती जितकी वाढेल तितकी चांगली. मला हे अजिबात पटत नाही. टी-पेशी (रोगजंतूंशी लढणारी एक पांढरी रक्तपेशी) चेतली की तिच्याच पृष्ठभागावर सीटीएलए-४ हा रिसेप्टर (ठराविक प्रथिनांना पकडणारं प्रथिन) येतो. टी-पेशीला चेतवणारा सीडी२८ हा रिसेप्टर इतर प्रतिकार-पेशींवरच्या ज्या बी७ प्रथिनांना चिकटतो, त्यांनाच हा कितीतरी घट्ट धरून बसतो आणि पेशी आवरते. १९९५ साली हा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले, तर ती पिल्लं बिचारी जेमतेम ३-४ आठवडे जगली. त्यांच्याच टी-पेशी हृदयात, स्वादुपिंडात घुसल्या होत्या. कर्करोगावरचं इपिलिमुमॅब हे औषध नेमका हाच ब्रेक सोडवतं, आणि मग टी-पेशी आतड्यावरही हल्ला करू शकतात. म्हणूनच ते घेणाऱ्या कुणाला जुलाब लागले, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.