अनुभव धागा: दिल्लीचा हौज खास पाहिलात का?

दिल्लीला जाणाऱ्या मराठी माणसाची यादी ठरलेली. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, आणि वेळ उरला तर करोलबागेत खरेदी. हौज खासला फार तर घरातली तरुण मंडळी जातात, तीही शेजारच्या कॅफेंसाठी. अलाउद्दीन खिलजीने सीरी या आपल्या नव्या शहराला पाणी मिळावं म्हणून खोदवलेला हा तलाव सातशे वर्षांहून जुना आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. फोटो नकोत, ते सगळीकडे आहेत. पाण्याबद्दल लिहिलंत तर उत्तम.

*

सासूबाईंना घेऊन गेले होते. बुटिकांच्या गल्लीतून आत शिरलं की आधी हिरवळ, छत्र्या आणि एक बैठी इमारत. आई म्हणाल्या, "एवढंच?" मग कडेपर्यंत गेलो तर जमीन संपलीच! जी बैठी वाटली होती तिचा आणखी एक मजला खाली, थेट तलावाच्या काठापर्यंत. हा फिरोजशाह तुघलकाचा मदरसा. तलावाच्या दोन बाजूंना काटकोनात पसरलाय आणि कोपऱ्यात खुद्द फिरोजशाहाची कबर.

खाली उतरायच्या पायऱ्या अरुंद आणि चांगल्याच उंच. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा. आई मात्र हट्टाने उतरल्या आणि विद्यार्थ्यांच्या एका खोलीत जाऊन बसल्या. अंधारी, जेमतेम दोघं मावतील एवढी खोली, भिंतीत कोनाडे. "अगं, हा दिव्याचा आणि तो पुस्तकांचा," असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. बाहेर उन्हाचा कहर होता आणि आत जाड दगडी भिंतींचा गारवा. तिथून उठायलाच तयार होईनात.

*

सगळे छानछान लिहितायत म्हणून सांगतो. पाणी हिरवंगार आहे. निसर्गरम्य हिरवं नव्हे, शेवाळाचं हिरवं. मे महिन्यात गेलो होतो, नाकाला रुमाल लावून परतलो.

*

वर वासाबद्दल लिहिलंय त्याचं कारण सांगतो. पाणीपुरवठा खात्यात नोकरी झाली, त्यामुळे कबरीआधी पाणी कुठून येतं हेच बघितलं.

मुळात हा पावसाच्या पाण्याचा तलाव. आजूबाजूच्या उंच भागातून चरांवाटे पाणी यायचं आणि वर्षभर पुरायचं. विस्तार सुमारे १२५ एकर. आज दिसतो तो त्याचा लहानसा तुकडा. मुंडा गुंबद नावाची एक पडकी वास्तू आता बागेत कोरड्या जमिनीवर उभी आहे, ती एकेकाळी तलावाच्या मधोमध होती म्हणतात. तिथे उभं राहून मदरशाकडे बघा, मग खरा आकार कळतो.

शहर वाढलं, पाणलोटावर वस्ती झाली, चर बुजले आणि तलाव आटला. अलीकडच्या काळात तो पुन्हा भरला तो वसंत कुंजच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या पाण्याने. प्रक्रिया झाली तरी त्या पाण्यात नायट्रोजन, फॉस्फरस उरतोच. शेवाळाला तो खुराक. शेवाळ मेलं की कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, मग मासे मरतात आणि वास सुटतो. पाणवनस्पती लावून, पाण्यात हवा खेळवून उपाय चालू असतात. नावं ठेवणं सोपं आहे, पण कोरड्या खड्ड्यापेक्षा मला हा हिरवा तलाव परवडला. बगळे, पाणकावळे येतात, बदकं आहेत.

*

आणि तलाव बुजणं हे काही आजचं नाही! फिरोजशाहाने आपल्या कारकिर्दीबद्दल स्वतःच लिहून ठेवलंय की अलाउद्दीनचा हा हौज बुजून कोरडा पडला होता, लोक त्यात शेती करत होते आणि विहिरी खणून पाणी विकत होते. चौदाव्या शतकातले टँकरवाले! त्याने गाळ उपसून तो पुन्हा भरता केला. पुढे १३९८ मध्ये तैमूर इथे उतरला. एका काठावरून सोडलेला बाण दुसऱ्या काठाला पोचत नाही एवढा मोठा, असं वर्णन त्याच्या नावावरच्या आठवणींत आहे. मात्र तलाव बांधल्याचं श्रेय त्यात फिरोजशाहालाच दिलंय. खिलजीचा पत्ता कट. गाळ काढणाऱ्याला निदान एकदा तरी श्रेय मिळालं याचा मला, का कोण जाणे, आनंदच झाला.

*

कबरीच्या दाराशी अंगणाला दगडी कठडा आहे, तो बघायला विसरू नका. उभे खांब, त्यात आडव्या पट्ट्या, थेट सांचीच्या स्तुपाची आठवण येते. सुलतानाच्या कबरीपुढे हे कसं, म्हणून मी तिथेच रेंगाळलो. बाकी भिंतींवर बदामात कोरलेली नावं भरपूर. त्यात एक जोडी देवनागरीत, 'च्या' आणि 'ची' सकट, म्हणजे आपलीच. हात जोडले.

*

गर्दी नको असेल तर मेहरौलीचा हौज-इ-शम्सी बघा. इल्तुतमिशाने साधारण १२३० मध्ये बांधलेला, म्हणजे हौज खासच्याही आधीचा. काठावर लोदी काळातला जहाज महाल आहे. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने लिहिलंय की या तलावाच्या कडा कोरड्या पडल्या की तिथे ऊस, काकड्या आणि खरबुजं लावत. आता काठाला घरं आणि दुकानं आहेत. कुतुबमिनार बघून रिक्षाने सहज जाता येतं, फक्त रिक्षावाल्याला 'जहाज महल' सांगा.