ऑपरेशननंतरच्या रक्ताच्या गुठळ्या: सरसकट हेपरिन द्यायचं, की माणूस बघून?

घटप्रभाकाठ (जनरल सर्जन)

वाद ओढवून घ्यायलाच लिहितोय. पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून प्रत्येक पेशंटचा कॅप्रिनी स्कोअर (गुठळीच्या धोक्याचे गुण) काढा, असं सगळे सांगतात. गोकाक, चिकोडी, अथणी, कुठल्याही तीस-चाळीस खाटांच्या हॉस्पिटलातली फाइल उघडून बघा. तक्ता लावलेला असतो आणि कोरा असतो. २००८ साली ३२ देशांतल्या हॉस्पिटलांची एन्डॉर्स पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात धोका असलेल्या भारतीय पेशंटांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना योग्य प्रतिबंध मिळत होता.

म्हणून म्हणतो, उलटा नियम करा. वय चाळिशीपुढे आणि ऑपरेशन पाऊण तासाहून मोठं, तर हेपरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) ५००० युनिट दर १२ तासांनी कातडीखाली सुरू. ज्याला द्यायचं नाही, त्याचं कारण सर्जनने फाइलवर लिहून सही करायची. आज द्यायला डोकं लागतं आणि विसरायला काहीच लागत नाही, तिथेच गाडी अडते.

निपाणीकर सर्जन

डॉक्टर, औषध विसरलं जातं हे खरं, पण म्हणून सगळ्यांना टोचायचं? हर्नियाच्या जाळीखाली रक्त साठलं, हायड्रोसीलनंतर पिशवी टम्म झाली, थायरॉइडनंतर मानेत रक्त साचून श्वास कोंडला, हे हेपरिनचे तोटे समोर दिसणारे आहेत. गुठळ्यांचा बागुलबुवा मात्र बराचसा तपासणीने उभा केलेला. २००५ च्या आशियाई आयडा अभ्यासाचा ४१ टक्क्यांचा आकडा सगळे फेकतात. तो मोठ्या सांध्यांच्या आणि खुब्याच्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशनांनंतरचा, शिरेत डाय सोडून काढलेल्या फोटोंवरचा. त्यातल्या बहुतेक गुठळ्या पोटरीतल्या, पेशंटला पत्ताही नसलेल्या. मांडीपर्यंतच्या साधारण १० टक्के.

पेशंटला संध्याकाळी बसवा, सकाळी उभं करा, पाणी नीट जाऊ द्या. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्नियाला एवढं पुरतं.

फिजिशियन, शहापूर

निपाणीकर सर, सर्जनला गुठळी दिसत नाही, कारण ती वॉर्डात फार वेळा दिसतच नाही. पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो, पोटरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुजते. घरचे म्हणतात बसून बसून पाय भरून आला, आणि तेल लावून चोळतात. गुठळी असलेली पोटरी चोळणं म्हणजे तिला फुप्फुसाकडे वाट करून देणं. संडासाहून येताना माणूस कोसळला तर गावात ‘हार्ट अटॅक’ म्हणून विषय संपतो. शवविच्छेदन कोण करतं? तुमच्याकडे आकडा येणार कुठून?

हर्निया-अपेंडिक्सबद्दल मात्र सहमत. तिशीतल्या माणसाचं अर्ध्या तासाचं हर्निया: छोट्या ऑपरेशनचा १ गुण, बाकी शून्य. त्याला चालवायचं, बस्स. आता ५२ वर्षांची बाई घ्या, पोट उघडून गर्भपिशवी काढलेली. वयाचा १, पाऊण तासावरच्या ऑपरेशनचे २, बीएमआय २९ म्हणून १, पायावर फुगलेल्या शिरा म्हणून १. झाले ५, म्हणजे वरच्या गटात. कॅन्सर असता तर आणखी २. पूर्वी कधी गुठळी झालेली असती तर ३. हा हिशोब करायला मिनिट लागत नाही.

भूलतज्ज्ञ, टिळकवाडी

घटप्रभाकाठ डॉक्टरांच्या नियमात दोन भोकं आहेत.

पहिलं घड्याळाचं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त कामं स्पायनलवर (मणक्यात सुई घालून दिलेल्या भुलेवर) होतात. ५००० हेपरिननंतर सुई घालायला ४ ते ६ तास थांबावं लागतं, एनॉक्झापॅरिन (हेपरिनच्याच जातीचं इंजेक्शन) ४० मिलीग्रॅम दिलं असेल तर १२ तास. स्पायनलनंतर एनॉक्झापॅरिनचा पहिला डोस सुई घातल्यापासून १२ तासांनी. एपिड्युरल नळी (भुलेसाठी मणक्याजवळ ठेवलेली) काढली असेल तर त्यानंतर आणखी ४ तास सोडायचे. सरसकट ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहिलं की सिस्टर सकाळी सहाला टोचून मोकळ्या होतात आणि आठला पेशंट टेबलावर माझ्यापुढे. मणक्यात रक्त साचलं तर पाय बधिर राहतात, लघवी अडते, पाठ दुखते. ‘भूल अजून उतरली नसेल’ म्हणत रात्र काढली की खेळ खलास. एमआरआय करून दाब मोकळा करायला साधारण ८ तासांचाच अवधी असतो, त्यातला खानापूरहून बेळगावला पोचण्यात किती जाईल ते धरा.

दुसरं किडनीचं. म्हातारीचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.२ आलं की ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. किडनीची खरी ताकद काढून बघा: वय ७२, वजन ४२ किलो. (१४० − ७२) × ४२ म्हणजे २८५६. त्याला ७२ × १.२ ने भागा, ३३ येतात. बाई म्हणून ०.८५ ने गुणा. उरले २८. तीसच्या खाली! तिला रोज ४० चं एनॉक्झापॅरिन म्हणजे औषध साठत जाणार. तिथे डोस ३० किंवा २० वर आणायचा, नाहीतर साधं हेपरिन. एनॉक्झापॅरिन प्रोटामीनने (हेपरिनच्या उताऱ्याने) पूर्ण उतरतही नाही, साधं हेपरिन उतरतं.

घटप्रभाकाठ

मॅडम, म्हणून तर मी साधं हेपरिन म्हटलं. किडनीचं गणित चुकलं तरी निभावतं, उताराही आहे. तुमचं गणित बरोबर, पण रात्री अकराला ते करणार कोण?

वॉर्ड सिस्टर

‘साधं हेपरिन’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी एकदा औषधाच्या ट्रेपाशी उभं राहावं. ५ मिलीच्या दोन बाटल्या येतात. एकीत मिलीला १००० युनिट, दुसरीत मिलीला ५०००. दिसायला बहिणी-बहिणी. ‘५००० युनिट’ म्हणजे एकीतून पूर्ण बाटली, दुसरीतून १ मिली. पहिलीच्या सवयीने दुसरी अख्खी भरली तर २५,००० युनिट गेलं. ऑर्डरमध्ये युनिट लिहा, मिलीही लिहा, आणि वॉर्डात एकच बाटली ठेवा. दुसरी डायलिसिसला जाऊ दे.

टोचण्याचंही सांगते, कारण निम्मे काळे-निळे डाग औषधाने पडत नाहीत, हाताने पडतात. बेंबीपासून ५ सेंमी लांब, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत. औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही. एनॉक्झापॅरिनच्या भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, तो शेवटचा थेंब आत ढकलतो. रोज बाजू बदला, टाक्यांपासून दूर राहा.

आणि हेपरिन चालू असताना चौथ्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट मोजायला कोणी सांगत नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसात प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर ती हेपरिनचीच उलटी चाल असू शकते. रक्त पातळ करणारं औषधच गुठळ्या करायला लागतं. तेव्हा हेपरिन पूर्ण बंद, नळी धुवायलासुद्धा नाही. एनॉक्झापॅरिनवर बदलून भागत नाही.

निपाणीकर सर्जन

म्हणजे सरसकट नियमाविरुद्ध सिस्टरच साक्षीदार निघाल्या. मग दाबाचे मोजे काय वाईट? त्यांनी रक्त तर वाहणार नाही.

वॉर्ड सिस्टर

सर, तुमच्या निपाणीत तंबाखू आणि विडी. पायाची धमनी आधीच अरुंद झालेली माणसं तुमच्याकडेच जास्त. घोट्याजवळची नाडी न चाचपता मोजा चढवला तर टाच काळी पडते. मधुमेहाने पाय बधिर असेल तर पेशंट बोलणारही नाही. मोजा मापाचा लागतो. पोटरी आणि मांडी टेपने मोजायची, सूज वाढली की पुन्हा. वरची कडा दुमडली की मोज्याचा फास होतो. वॉर्डात फेरी मारा, दहातले किती दुमडलेले ते मोजा.

फिजिशियन, शहापूर

भर घालतो. २०२० च्या ब्रिटनमधल्या गॅप्स चाचणीत इंजेक्शन चालू असलेल्या, आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या पेशंटांना मोजे घालून वेगळा फायदा दिसला नाही. मोज्याचे पैसे इंजेक्शनात घाला. रक्तस्रावाची भीती असेल तिथे पोटरीला हवा भरणारं मशीन बरं, पण ते दिवसातले निदान १८ तास चाललं पाहिजे. पलंगाला लटकलेलं मशीन कुणाचीच गुठळी अडवत नाही. गुठळी आधीच असेल त्या पायावर मात्र ते लावायचं नाही.

हाडांचा डॉक्टर, अथणी

तुम्ही सगळे पोटाच्या बाजूने बोलताय. खुब्याचा फ्रॅक्चर आला की कॅप्रिनीचे ५ तिथेच, वय ६१ च्या पुढे असेल तर आणखी २. आणि तो येतो कधी? आठवडाभर हाडवैद्याची पट्टी बांधून झाल्यावर. गुठळी ऑपरेशनच्या आधीच तयार. म्हणून औषध दाखल झाल्यापासून सुरू करायचं, ऑपरेशनपासून नव्हे. उशिरा आलेल्या, पाय सुजलेल्या पेशंटचा आधी डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी).

ऑपरेशननंतर मात्र मी ॲस्पिरिनच्या बाजूचा. २०२३ ची प्रिव्हेंट क्लॉट चाचणी, १२,२११ पेशंट, हातापायांचे आणि कंबरेचे फ्रॅक्चर. ८१ मिलीग्रॅम ॲस्पिरिन दिवसातून दोनदा विरुद्ध इंजेक्शन. ९० दिवसांतले मृत्यू जवळपास सारखे, ०.७८ आणि ०.७३ टक्के. फुप्फुसातल्या गुठळ्या दोन्हीकडे १.४९ टक्के. आपल्या मेडिकलमध्ये ७५ ची गोळी मिळते. पेशंट ती घेतो. ३५ इंजेक्शनं घेत नाही.

भूलतज्ज्ञ, टिळकवाडी

त्या चाचणीतल्या पेशंटांचं सरासरी वय ४५ च्या आसपास होतं, हे का गाळलंत? तुमची खुब्याची आजी ७२ ची. २०२२ ची ऑस्ट्रेलियातली क्रिस्टल चाचणी पाहा, खुबा-गुडघा बदललेल्यांची. लक्षणं देणाऱ्या गुठळ्या ॲस्पिरिनवर ३.४५ टक्के, एनॉक्झापॅरिनवर १.८२. फरक बराचसा पोटरीतल्या गुठळ्यांचा, हे मान्य.

हाडांचा डॉक्टर, अथणी

मधला रस्ता आहे की. २०१८ च्या एपकॅट दोनमध्ये सांधा बदलल्यावर पहिले ५ दिवस रिव्हारोक्साबान (रक्त पातळ करणारी गोळी) १० मिलीग्रॅम, मग ॲस्पिरिन: गुडघ्याला आणखी ९ दिवस, खुब्याला ३०. पूर्ण काळ रिव्हारोक्साबान घेतलेल्यांइतकंच चांगलं निघालं. फ्रॅक्चरच्या आजीला हे जसंच्या तसं लावता येत नाही, एवढं मी सोडतो.

मेडिकलवाला, खानापूर

काउंटरवरून दिसतं ते सांगतो. कार्डावर ‘इंज. एनॉक्झा ४० ओडी’ (दिवसातून एकदा) एवढंच असतं. किती दिवस? कोण टोचणार? पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला ४ आठवडे म्हणतात, खुबा बदलल्यावर ३५ दिवस. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरची औषधं १५ दिवसांची. सोळाव्या दिवशी माणूस किंमत विचारतो आणि दोन सिरिंज घेऊन जातो.

त्यातून आपला सीमाभाग. ऑपरेशन मिरजेला किंवा कोल्हापूरला, टाके कागवाडला किंवा निपाणीला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये इकडच्या ८६५ गावांना जनआरोग्य योजना लागू केल्यापासून तर कुठलं कार्ड कुठे, हाच घोळ. कार्ड इंग्रजीत, सूचनेचा कागद कन्नडमध्ये, आजीला मराठीच वाचता येतं. ‘शेवटचं इंजेक्शन अमुक तारखेला’ ही एक ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिली तर निम्मं काम होतं. कणकुंबीकडे पावसाळ्यात रोज पीएचसीला येणं होत नाही, तेव्हा घरातल्या एकाला वॉर्डातच टोचायला शिकवा. सिरिंज फ्रिजमध्येच हवी असं नाही, २५ अंशांखाली राहिली की झालं. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत.

घटप्रभाकाठ

बरं, नियम बदलतो. सरसकट नाही. स्कोअर भूल तपासणीच्या वेळीच काढायचा, कारण तो एक कागद आपल्याकडे कोरा राहत नाही. ५ किंवा वर असेल आणि किडनी ठीक असेल तर एनॉक्झापॅरिन. किडनी खराब असेल तर हेपरिन, सिस्टर म्हणतात तसं मिली लिहून. ३-४ वाल्यांना मी तरीही देईन, निपाणीकर सर देणार नाहीत. तो वाद राहू दे.

वेळ मात्र आत्ता ठरवू. रोजचा डोस रात्री ८ ला. म्हणजे सकाळी साडेआठच्या स्पायनलपर्यंत १२ तास होतात.

भूलतज्ज्ञ, टिळकवाडी

आणि दुपारी दोनला स्पायनल दिलेल्याचा पहिला डोस रात्री ८ ला? सहाच तास होतात. त्याचा रात्री दोनला, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर पायाला मशीन. ‘रोज रात्री ८’ असा शिक्का करून घेणार असाल तर त्याखाली ‘स्पायनलची वेळ’ असा रकाना ठेवा, तो भरल्याशिवाय सिस्टरने सिरिंज उघडायची नाही.

वॉर्ड सिस्टर

रकाना ठेवा, पण भरायचा भूल देणाऱ्यांनी. आम्ही नाही भरणार.