फार्मवर ९५, भांडुपला २४०, मधले पैसे नक्की कोण खातं?

भांडुपकर:
रविवारी स्टेशनबाहेरून चिकन घेतलं, स्किन काढून २४० रुपये किलो. त्याच दुपारी मुरबाडचा मामेभाऊ फोनवर म्हणाला फार्मचा रेट ९५ चाललाय. मुरबाड काय अमेरिकेत आहे का, टेम्पो दोन-अडीच तासांत येतो, मग १४५ रुपये रस्त्यात उचलले कोणी? माझं सरळ मत, दुकानदार आणि दलाल आधी आपल्याला कापतात, कोंबडी नंतर. आणि फार्मचा रेट पडला तरी पाटीवरचा का उतरत नाही तेही सांगा कोणीतरी.

परळचा चिकनवाला:
साहेब ९५ हा जिवंत पक्ष्याचा रेट आहे, पिसं मुंडी आतडी सगळ्यासकट. गाडीभाडं, हमाली, व्यापाऱ्याचं धरून मला दुकानात ११० ला पडतो. दोन किलोचा पक्षी म्हणजे २२०. तो साफ करून स्किन काढली की हातात राहतं १ किलो ३०० ग्रॅम, २४० नी त्याचे झाले ३१२. सुटले ९२. सोमवार गुरुवार शनिवार, चतुर्थी एकादशी सगळं धरून सरासरी ४५ पक्षी जातात, म्हणजे चार हजार एकशे चाळीस. त्यातून दोन पोरांचा पगार १६००, दुकानाचं भाडं दिवसाला तेराशेच्या वर, लाइट पाणी बर्फ पिशव्या चारशे. उरलेल्या आठशेत मला लुटारू म्हणा, चालेल.

भांडुपकर:
आणि कलेजी-पोटा वेगळा विकता तो कुठंय या हिशोबात?

परळचा चिकनवाला:
त्याचे पैसे कचरा उचलणाऱ्याला जातात आणि मे महिन्यात मेलेल्या पक्ष्यांच्या नुकसानीत. पहाटे टेम्पो उघडला की क्रेटमध्ये दोन-चार तरी मान टाकून पडलेल्या असतात, वजन झालेलं असतं, त्या माझ्याच नावावर. पाटी उतरवत नाही हे मात्र खरंय. उतरवली की पंधरा दिवसांनी परत चढवताना गिऱ्हाईक भांडतं, म्हणून रेट चढतो तेव्हा पहिले तीन-चार दिवस मी खिशातून घालतो.

भांडुपकर:
वा! तीन-चार दिवस तुमच्या खिशातून आणि पंधरा दिवस आमच्या.

मुरबाडचा शेडवाला:
दोघंही भलतीकडेच चाललात. माझ्यासारख्या करारवाल्याला ९५ असो की ६०, काही फरक नाही. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, खाली अंथरायचं तूस, वीज, मजूर आणि रात्रीची जाग माझी. मला किलोमागे वाढवणावळ, म्हणजे पक्षी वाढवायची मजुरी मिळते. गेल्या बॅचला ५,००० पिल्लं, मरतुक जाऊन ४,७५० निघाली, सरासरी २ किलो १०० ग्रॅम, रेट ८ रुपये ४० पैसे. झाले ८३ हजार आणि वर काही. तूस मजुरी वीज ३५ हजार, शेडच्या लोनचे दोन हप्ते ३८ हजार. दोन महिन्यांचे राहिले दहा हजार. खाद्य जास्त खाल्लं म्हणून कंपनी कापते ते वेगळंच, आणि त्यांच्या गोणीत खाद्य कसं आलं हे बघायची सोय आपल्याकडे नाही.

गोरेगाव ईस्ट:
मग करार सोडा ना, स्वतःची पिल्लं टाका, गटारीला १३० नी विका. रडायचं पण आणि कंपनीला धरून पण राहायचं.

मुरबाडचा शेडवाला:
केलंय ते पण. वटपौर्णिमेला पिल्लं टाकली की गटारीला बरोबर वजनात येतात, हे मलाच कळलं असं वाटलं होतं, ते अख्ख्या तालुक्याला कळलं होतं. माल एकदम निघाला, व्यापारी म्हणाला आज नको उद्या बघू, आणि उद्या श्रावण. पुढे रेट ६० वर. आता ढोबळ हिशोब ऐका, त्या वजनाचा पक्षी दिवसाला १८० ग्रॅम खातो, ४० रुपये किलोच्या खाद्याने सव्वासात रुपये झाले, आणि वाढतो ९० ग्रॅम, त्याचे ६० नी साडेपाच पण नाही. म्हणजे जितका थांबेन तितका बुडेन, ५,००० पक्ष्यांना रोजच्या अठरा गोणी. कांदा चाळीत ठेवता येतो, कोंबडी ठेवली की ती मलाच खाते. व्यापाऱ्याला हे पाठ असतं.
आणि २०२० चा फेब्रुवारी-मार्च आठवा, कोरोना कोंबडीतून येतो अशी अफवा उठली, स्वतःचा माल असलेल्यांनी पक्षी फुकट वाटले, खड्ड्यात पुरले. तेव्हा करारवाला निदान कर्जात नाही बुडला. पण पुढची पिल्लं चार महिने आली नाहीत.

खाद्याच्या धंद्यातला:
सगळे दलाल-दलाल करताय, खर्चाचे दोन तृतीयांश तर खाद्यातच जातात, मका आणि सोयापेंड, म्हणजे सोयाबीनचं तेल काढून उरते ती. मका इथेनॉलला जायला लागला तसा महागला. २०२१ ला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं, मग पोल्ट्रीवाल्यांनी ओरडा केला आणि सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. तेव्हा मराठवाड्या-विदर्भातला सोयाबीनवाला चिडला. तोही शेतकरीच की. कुठल्या शेतकऱ्याची बाजू घेताय ते आधी ठरवा.

गोरेगाव ईस्ट:
मार्केटिंगच नाहीये हो. अंड्याला १९८२ पासून एनईसीसी ही अंडीवाल्यांची समिती आहे, रोजचा दर जाहीर होतो, संडे मंडेची जाहिरात पोरांना पण पाठ. चिकनला कोण आहे? ब्रँड करा, पॅक करून विका. तसंही इंजेक्शन देऊन फुगवलेल्या कोंबड्या ४० दिवसांत तयार होतात हे लोकांना माहितीये, विश्वास नाही म्हणून भाव नाही.

मुरबाडचा शेडवाला:
५,००० पक्षी एकेक पकडून इंजेक्शन द्यायला मजुरी तुम्ही देणार का? मला तूस हलवायला माणूस मिळत नाही. वाढतात ते जातीमुळे आणि खाद्यामुळे.

परळचा चिकनवाला:
आणि ब्रँडचं म्हणाल तर माझी म्हातारी गिऱ्हाईकं फ्रीजमधल्या पाकिटाला शिळं म्हणतात. समोर कापलेलं पाहिजे, लेग पीस वेगळे, वर चार हाडं सुपाला फुकट. एवढं पाकिटावर लिहा.

मुरबाडचा शेडवाला:
भांडुपकर, एवढं वाटतं तर रविवारी या शेडजवळ, शेजाऱ्याचा स्वतःचा माल आहे, ९५ नी जिवंत देतो. कापायचं तुमचं तुम्ही.

भांडुपकर:
बायकोला विचारलं. ती म्हणते पिसं घरात आली तर मी माहेरी.