डार्करूमचं कौतुक आता पुरे

जुना हायपो

गेल्या रविवारी भाची घरी आली ती गळ्यात पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा कॅमेरा अडकवूनच. वय तिचं २३, कॅमेऱ्याचं चाळिशीच्या पुढे. "मामा, तुझी डार्करूम होती ना? मला शिकव." मी नाही म्हणालो. घरातले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी देव्हारा विकायला काढलाय. म्हणून इथे मांडतोय. चुकत असेन तर सांगा.

१९८१ ते १९९८ सोलापुरात आमच्या न्हाणीघरात माझी डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली, होती. रात्री साडेनऊनंतर, सगळ्यांचं आवरलं की मोरीवर पाट, पाटावर तीन ट्रे: डेव्हलपर (चित्र उमटवणारा), स्टॉप बाथ (ते उमटणं थांबवणारा), हायपो (चित्र पक्कं करणारा). दाराच्या फटीत जुनं काळं परकर-कापड, वर लाल झिरोचा बल्ब. फिल्म सुटी घेणं परवडत नसे. मुंबईला कोणी निघालं की बोरा बाजारातून शंभर फुटांचा डबा मागवायचा आणि रजईत हात घालून आंधळ्यासारखं कॅसेटमध्ये भरायचं. डब्यात छत्तीसचे अठरा रोल निघत. कागद मिळेल तो, कधी अग्फाचा ब्रोविरा, कधी उटीचा इंदू. डी-७६ हा डेव्हलपर तराजूवर तोलून: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. हे आजही पाठ आहे. बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. रसायनं २० अंशांवर हवीत. सोलापुरात मे महिन्यात नळाचं पाणीच ३२-३३ अंश. शेजाऱ्यांच्या फ्रीजमधला बर्फ मागून आणायचा आणि ट्रेभोवती परातीत टाकायचा. तो वितळला की धावपळ. एकदा एमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, फुगून कोपऱ्यातून सुटलं आणि मेहुण्याच्या मुंजीचा अर्धा रोल गेला. मेटॉलने बोटांची सालं निघायची, रात्रभर खाज. धुताना हायपो नीट निघाला नाही की चार वर्षांनी प्रिंटवर पिवळे डाग. इतकं करून महिन्याला धड प्रिंट किती? पाच. चांगला महिना असेल तर सात.

तरी केलं. का? तर कागद ट्रेमध्ये सरकवल्यावर पंधरा-वीस सेकंदांनी पहिल्यांदा डोळ्यांच्या जागा काळ्या व्हायला लागतात, मग केस, मग सदऱ्याची सुरकुती. आकाश पांढरंफटक येतंय म्हणून दुसऱ्या प्रिंटला हाताची खोपटी करून तेवढंच आणखी सहा सेकंद भाजायचं, म्हणजे जास्त प्रकाश द्यायचा. तिसऱ्याला आठ. माझा छंद तो होता. कॅमेरा हे त्याचं कच्चं सामान.

आणि भाची काय करते? रोल काढते, लॅबला देते, लॅब धुऊन स्कॅन करून लिंक पाठवते, ती फोनवर बघते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. अहो, स्कॅनरमध्येही सेन्सरच असतो ना? म्हणजे शेवटी डिजिटलच. मध्ये फक्त हजाराच्या घरातला रोल आणि वर धुलाई. कागद नाही, ट्रे नाही. याला मी महागडा फिल्टर म्हणतो. माझ्याकडे आज जुना घेतलेला डिजिटल कॅमेरा आहे, घरी पिगमेंट इंकचा प्रिंटर आहे, मॅट कागदावर मी मला हवं तसं आकाश भाजतो. बोटांना खाज नाही. फिल्मवाल्या नव्या पिढीपेक्षा डार्करूमच्या जास्त जवळ मीच आहे असं माझं म्हणणं.

सदतिसावा

काका, आयडीवरून कळलं असेल, मी त्याच 'महागड्या फिल्टर'वाल्यांपैकी. वय २७. (रोल संपल्यावर एखादी जास्तीची फ्रेम निघते ना, ती मी.)

तुम्ही छंद कागदावर बसवलात, तो तुमचा. माझा आधीच संपलेला असतो, बटण दाबताना. फोनमध्ये माझे राजगडाचे चारशेच्या वर फोटो आहेत. शपथेवर सांगतो, एकदाही परत बघितले नाहीत. गेल्या पावसाळ्यात एकच रोल घेऊन गेलो, त्यातली प्रत्येक फ्रेम कुठे उभा राहून काढली ते आज सांगू शकतो. पद्मावती माचीवर ढग हटायची पाऊण तास वाट बघितली, कारण शिल्लक तीन होत्या.

दुसरं, आजी. फोनवर फोटो काढला की ती लगेच "दाखव बघू" म्हणते आणि कवळी नसली की काढून टाकायला लावते. फिल्मवर तिला ते जमलं नाही. बिनदातांची खळखळून हसणारी आजी आमच्या घरात आज एकाच फोटोत आहे.

आणि प्रिंट स्वतः केला नाही तर छंद खोटा, असं असेल तर फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ यांना आधी बाहेर काढा. ते प्रिंट स्वतः करत नसत. पॅरिसला पिएर गासमान यांच्या पिक्तो लॅबकडे काम सोपवलेलं असायचं.

तिरपागडा

कार्तिए-ब्रेसाँ लिंकची वाट बघत फोन हातात घेऊन बसत नसत एवढाच काय तो फरक. हलके घ्या.

पाणवठा

जुना हायपोंना +१, पण कारण वेगळं. मी दर हिवाळ्यात भिगवणला जातो. उजनीच्या पाण्यावर पहाटे नाव हळूच सरकत असते, रोहित पक्ष्यांचा थवा शंभर-दीडशे फुटांवर. उठतील कधी ते त्यांनाच ठाऊक. उठले की चार सेकंदांचा खेळ. सेकंदाला दहा फ्रेम मारतो, म्हणजे तुमचा छत्तीसचा रोल चार सेकंदांतच खलास. मग नाव हलत असताना रोल बदला!

नव्वदच्या दशकात मी स्लाइड फिल्मवर पक्षी काढायचो. दोन वर्षांत पंखांची ठेवण नीट दिसेल असे उडते पक्षी किती मिळाले? शून्य. बसलेले बगळे भरपूर. बगळा हा फिल्मवाल्यांवर दया करणारा पक्षी आहे.

सदतिसावा

आणि घरी येऊन तीन हजारांतले दोन हजार नऊशे नव्वद पुसत बसायचं. दादा, हा छंद की कारकुनी?

पाणवठा

कारकुनीच. पण त्या पुसण्यात मी पक्षी शिकलो. दहा फ्रेम शेजारी ठेवल्या की रोहित धावत धावत कसा उठतो, पाय कधी सुटतात, मान कधी सरळ होते ते दिसतं. एकच 'नेमका क्षण' पकडणाऱ्याला हे दिसत नाही.

ग्रेनवाला

मूळ मुद्दा सगळेच विसरताय. फिल्म खरी, डिजिटल अंदाज. सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेला रंग सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलना विचारून भरतं. फोन तर आणखी पुढे, एका बटणात पाच-सहा फोटो काढून त्यांची गोधडी शिवतो. फिल्मवर प्रकाश स्वतः येऊन उमटतो. मध्ये कोणी नाही.

जुना हायपो

मध्ये मी होतो ना! न्हाणीघरात, रात्री एक वाजता. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून चेहऱ्यावरचा प्रकाश अडवायचो आणि हाताच्या खोपटीतून आकाश भाजायचो. फोटोशॉपमध्ये डॉज (प्रकाश अडवणं) आणि बर्न (भाजणं) यांची चित्रं बघा, एक चकतीची काडी आहे आणि एक वळवलेला हात. कुठून आली ती? अमेरिकन फोटोग्राफर अन्सेल अॅडम्स यांचा हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो १९४१ चा, निगेटिव्ह एकच. पण सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढग दिसतात आणि नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळंच. यातला 'खरा' कोणता ते सांगा.

आणि रंगीत फिल्मबद्दल बोलत असाल तर धुतल्यावर त्या निगेटिव्हमध्ये, ज्या चांदीवर प्रकाश उमटतो तिचा कणही उरत नाही, ब्लीच आणि फिक्समध्ये सगळी निघून जाते. राहतात ती रंगद्रव्यं, आणि ती उडतात. ऐंशीच्या दशकातला कुठलाही लग्नाचा अल्बम काढा. सगळे शालू विटकरी, नवरदेवही विटकरी.

ग्रेनवाला

मी ब्लॅक अँड व्हाइटबद्दल बोलत होतो.

तिरपागडा

गोलपोस्ट सरकवतानाचा फोटो फिल्मवर काढावा की डिजिटलवर?

वाशिष्ठीकाठची

सगळे गमतीत आहेत, मी जरा वेगळं लिहिते.

आम्ही चिपळूणचे. 'डिजिटल एका क्षणात उडतं, निगेटिव्ह शंभर वर्षं टिकते' हे सासऱ्यांचं ठाम मत होतं. १९६८ पासूनच्या निगेटिव्ह त्यांनी बटर पेपरच्या पाकिटांत, तारखा घालून, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. कोकणातली हवा, त्यामुळे निम्म्यांवर आधीच बुरशीची जाळी. दर वर्षी ऊन दाखवायचे, सिलिका जेल तव्यावर भाजून परत ठेवायचे. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावर साडेसहा फूट पाणी होतं. ट्रंक तिसऱ्या दिवशी उघडली. जिलेटिन फुगून सगळ्या पट्ट्यांची एकमेकांना चिकटून वीट झाली होती. त्यांनी ती वीट फेकू दिली नाही. आजही आहे.

त्याच घरातले माझ्या मुलाचे सगळे फोटो शाबूत, कारण ते घरात नव्हतेच, दूर कुठल्या तरी सर्व्हरवर होते.

पण हेही सांगते. पुराआधी सासऱ्यांनी ज्यांना ज्यांना प्रिंट दिले होते, ते त्यांनी परत आणून दिले. खेर्डीच्या एका बाईंनी त्यांच्या लग्नातला आमच्या सासूबाईंचा फोटो आणला, जो आम्ही कोणी पाहिलाच नव्हता. त्यामुळे फिल्म की डिजिटल याच्याशी मला काही देणंघेणं नाही. कागदावर काढून लोकांना वाटा.

पाणवठा

ताई, याच्यावर बोलायला काही नाही.

ग्रेनवाला

तशा निगेटिव्ह गार पाण्यात भिजवून हळूहळू सुटतात कधी कधी. पण वाळण्याआधी. तीन दिवसांनी अवघडच होतं. वाईट वाटलं.

मधली वेळ

डार्करूमच्या आठवणी इथे कोण सांगतंय ते मोजा. बहुतेक काका आणि दादा. आमच्या घरीही होती. बाबांची. दार आतून बंद, बाहेर आई जेवण झाकून बसलेली, आणि आम्ही मुलींनी चुकून बटण दाबलं की ओरडा. मला एन्लार्जरला (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) हात लावू दिल्याचं आठवत नाही. 'कागद वाया जाईल.' खरंच महाग होता तो, बाबांना दोष देत नाही.

मी ४३ व्या वर्षी शिकले. दुपारी अडीच ते चार, मुलगी क्लासला गेली की. डायनिंग टेबलवर स्टीलचा तांब्या ठेवून २०० फोटो काढले, फक्त अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, बदलत. एफ २.८ ला मागची खिडकी विरघळते, एफ ११ ला गज मोजता येतात. हे फिल्मवर करायला सहा रोल आणि बाबांची परवानगी लागली असती. वाया घालवायची मुभा हीच माझ्यासाठी डिजिटलची खरी देणगी आहे. ३६ च्या मर्यादेचं सौंदर्य त्यांना दिसतं ज्यांच्याकडे ते ३६ तरी होते.

ग्रेनवाला

भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार होमाई व्यारावाला त्या काळात सगळं करतच होत्या की. फिल्म, डार्करूम, सगळं.

मधली वेळ

हो. आणि त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. उदाहरण जरा जपून निवडा.

सदतिसावा

हे वाचून माझा पहिला प्रतिसाद थोडा उथळ वाटला, मान्य. मर्यादा आपण हौसेने घालून घेतो तेव्हाच ती गोड लागते. तरी आजीचा फोटो मागे घेणार नाही.

जुना हायपो काका, एक प्रश्न राहिला. वापरलेला हायपो कुठे ओतायचात? त्यात चांदी उतरलेली असते.

जुना हायपो

मोरीत. सतरा वर्षं. तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आता कोणी करत असेल तर कॅनमध्ये साठवा, त्यातून चांदी काढून घेणारे लोक असतात.

एकेकाला उत्तर देतो. आजीच्या फोटोपुढे मी हरलो, तिथे वाद नाही. कार्तिए-ब्रेसाँ यांच्याबाबत मात्र नाही. त्यांचा फोटो कागदावर कसा यावा हे जाणणारा माणूस लॅबमध्ये होता. फ्रेम कापलेली त्यांना खपत नसे म्हणतात, पण साँ-लाझार स्टेशनमागचा तो डबक्यावरून उडी मारणारा माणूस, १९३२ चा, तो फोटो मात्र कापलेलाच आहे. म्हणजे कागदाशी झटापट तिथेही होतीच. तुमच्या लॅबचा स्कॅन कोण बघतं? मशीन बघतं.

'मधली वेळ' यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. "बाईंना माझा नमस्कार कळव" एवढंच म्हणाली आणि आत गेली. सतरा वर्षं रात्री साडेनऊनंतर त्या घरात कोणाला न्हाणीघर मिळालं नाही, हे मी वर लिहायला विसरलो होतो.

सदतिसावा

काका, एन्लार्जर अजून आहे का? स्कॅन न करता कागदावर काढून दाखवतो. मग तर फिल्टर म्हणणार नाही ना?

जुना हायपो

माळ्यावर आहे. काल शिडी लावून खाली काढला. कंडेन्सरवर, म्हणजे प्रकाश एकवटणाऱ्या भिंगावर, बुरशी आहे, पण मधोमध नाही. लेन्स साफ निघाली. बल्ब गेलाय.

पण पहिला हक्क भाचीचा, ती आधी विचारून गेलीय. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. पुण्याच्या या फ्लॅटमध्ये मोरीच नाही, पाट कमोडवर आडवा टाकला तर एक ट्रे हवेत राहतो. मोजून बघितलं. तुम्ही रविवारी येत असाल तर सुतारकामाची टेप आणा आणि हातमोज्यांचे दोन जोड. मेटॉल आहे, नुसत्या हाताने नको.